सांडाने खाजवलेला दरवाजा

समस्त गाडीमालक, गाडीचालक, आणि ‘गाडी जराशी घासली’ एवढंच घरी सांगून उरलेली हकीकत गिळून टाकणारे सर्व सभ्य नागरिक यांना अत्यंत गांभीर्याने जाहीर करण्यात येते, की प्रस्तुत लेखकाचा डावा तळहात हे एक शास्त्रीय उपकरण आहे. त्याला कोणीही हलक्यात घेऊ नये. या तळहाताने असंख्य मोटारींच्या अंगावरून फिरून त्यांच्या मालकांनी लपवलेल्या गोष्टी बाहेर काढल्या आहेत. घरी या उपकरणाला भाजीच्या पिशव्या उचलायला लावतात, तो भाग वेगळा.

मी डेंटर आहे. गाडी ठोकली, की इंजिनवाला मिस्त्री बॉनेट उघडून आत बघतो. मी बाहेरून बघतो. दबलेला पत्रा मूळ जागी आणायचा, आणि इथे कधी काही झालंच नव्हतं असं वाटायला लावायचं, हा माझा धंदा. म्हणजे माझं काम जितकं चांगलं तितकं ते कुणालाच दिसत नाही. असा धंदा निवडणाऱ्या माणसाने निदान दिवाळी अंकात तरी थोडी बढाई मारावी की नको?

बाबा विमा कंपनीत होते, तेही मोटार क्लेमच्या विभागात. सांगलीहून बदल्या होत होत आम्ही जयपूरला आलो, दुर्गापुऱ्यात भाड्याने घर घेतलं. बाबा स्कूटरने झालाना भागातल्या ऑफिसला जायचे आणि दिवसभर लोकांच्या ठोकलेल्या गाड्यांवर अविश्वास दाखवून संध्याकाळी परत यायचे. त्यांच्या खिशात कायम एक चुंबक असे. कपाटाच्या दाराला असतो ना, तसला लहानसा. गाडीच्या रंगावर ओरखडा उठू नये म्हणून आईने त्याला लाल मखमलीची टोपी शिवून दिली होती.

या टोपीवाल्या चुंबकाचं काम असं. पत्रा सरळ करायला कष्ट पडतात. त्यापेक्षा खड्ड्यात पुट्टी भरली, म्हणजे आपले रंगारी दाराखिडक्यांना लावतात त्या लांबीची थोरली बहीण, वरून घासून रंग मारला, की काम झालं. दिसायला झकास. मात्र दोन उन्हाळ्यांनी तिला भेगा पडतात आणि तिसऱ्याला पोपडा हातात येतो. बाबा चुंबक लावून बघत. पत्रा असेल तर चुंबक चिकटतो. जाड पुट्टी असेल तर पडतो. चुंबक पडला, की बाबांच्या चेहऱ्यावर एक समाधान पसरायचं. माणसं खोटं बोलतात हा त्यांचा सिद्धांत पुन्हा एकदा खरा ठरलेला असायचा.

आणि अशा माणसाच्या पोटी मी. दोन हजार तीन साली पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षात दोन विषयांत आपटलो आणि घरी जाहीर केलं, “मी शकूर उस्तादांकडे डेंटिंग शिकणार.”

आईच्या हातातलं लाटणं थांबलं. बाबा म्हणाले, “म्हणजे मी आयुष्यभर ज्यांना पकडतोय, त्यांच्यात जाणार?”

बरेच दिवस अबोला चालल्यावर तह झाला. एक वर्ष. पुढच्या दिवाळीला बाबा माझ्या कामाला चुंबक लावणार. चिकटला तर मी राहणार. पडला तर मुकाट्याने बी.कॉम.चा प्रायव्हेट परीक्षेचा फॉर्म भरायचा. बाबा पक्के क्लेमवाले, त्यांनी ही अट मला कागदावर लिहून सही करायला लावली.

शकूर उस्तादांचं वर्कशॉप दुर्गापुरा स्टेशनच्या बाजूला होतं. उस्ताद काटकुळे, चष्म्याची एक काडी तुटलेली म्हणून तिथे दोरा बांधलेला. त्यांनी पहिल्या दिवशी मला हातोडी दिली नाही. एक जुनं बॉनेट लाकडी घोड्यावर टाकलं, स्वतःचा मलमलीचा रुमाल माझ्या डाव्या हाताखाली ठेवला आणि म्हणाले, “आँख बंद. हाथ फेर. बता, कहाँ क्या है.”

मी हात फिरवला. “सपाट है, उस्ताद.”

“सपाट? इसमें सात गड्ढे हैं. दो तो मैंने कल तेरे लिए ही मारे हैं.”

रुमाल कशाला, हे तुम्हालाही वाटत असेल. नुसता हात पत्र्यावर अडखळतो, घामाने चिकटतो. रुमालावरून तो सरकतो आणि मग केसाएवढा चढउतारही कळायला लागतो. आणि डावा हात का? कारण उजवा हात काम करायला उतावीळ असतो. “मराठे,” उस्ताद म्हणायचे, माझं नाव त्यांनी कधी घेतलंच नाही, “तेरा दायाँ हाथ बोलता बहुत है. बाएँ वाले को सुनने दे.”

अडीच महिने मी त्या बॉनेटला कुरवाळत होतो. घरी आल्यावर फ्रिज, कपाट, गॅसची टाकी, जे दिसेल त्यावरून डोळे मिटून हात फिरवायचो. आमच्या फ्रिजच्या दाराला तीन खड्डे आहेत हे मी जाहीर केलं तेव्हा आई म्हणाली, “अरे, माणसाच्या पाठीवरून कधी फिरवतोस का असा हात?” मग तिच्या दुखऱ्या पाठीवरूनही फिरवला. तिथे मात्र मला काही निदान करता आलं नाही.

अडीच महिन्यांनी सातही खड्डे सापडले. खरं म्हणजे मी आठ सांगितले. उस्तादांनी हात फिरवून बघितलं, पुन्हा फिरवलं, चष्मा वर केला आणि आठवा मान्य केला. त्या दिवशी त्यांनी मला स्वतःच्या बशीतला अर्धा चहा दिला. पदवीदान समारंभ माझा तो एवढाच.

पुढे मला एक नादच लागला. खड्डा नुसता खड्डा नसतो, त्याला कारण असतं. खांबाला लागलेली गाडी उभी चीर दाखवते. दुसऱ्या गाडीने घासलं, की ओरखड्याच्या एका टोकाला रंग खरवडून साठतो, त्यावरून कोण कुठून कुठे चाललं होतं ते कळतं. नीलगायीला धडकलेली गाडी वरच्या बाजूला दबते, कारण नीलगाय उंच असते. उस्ताद गाडीला आधी प्रदक्षिणा घालायचे, मग मालकाची कहाणी ऐकायचे. खड्डा आणि कहाणी जुळली नाहीत तरी चेहऱ्यावर काही दाखवायचे नाहीत. मला मात्र हसू दाबता यायचं नाही, म्हणून अशा वेळी ते मला चहा सांगायला पाठवायचे.

उन्हाळ्यात एक गिऱ्हाईक आलं. बंसीलालजी. चारदीवारीत, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या जयपुरात, त्यांचं लाखेच्या बांगड्यांचं दुकान. त्यांच्या गाडीचा पुढचा दरवाजा परातीसारखा आत गेलेला, पण रंगावर ओरखडा नाही.

“सांड ने किया है, उस्तादजी,” ते म्हणाले. “दुकान के आगे गाड़ी खड़ी थी. आया, टिका, और पीठ खुजाने लगा. पाँच मिनट तक खुजाता रहा भाईसाब! मैं हाथ जोड़े खड़ा रहा. और बीमेवाले साहब कहते हैं, सांड-वांड कुछ नहीं, तुमने खंभे में ठोकी है.”

हे बीमेवाले साहब कोण, हे मला विचारण्याची गरज नव्हती. बंसीलालजींच्या हातातल्या क्लेमच्या फाइलवरची सही मी ओळखत होतो. माझ्या प्रगतिपुस्तकावर तीच असायची.

मी दरवाज्याच्या काचेखालची रबरी पट्टी उचलून पाहिली. आत आखूड, पांढरे, राठ केस अडकलेले. खड्डाही तसाच, पसरट, कुठे टोक नाही, चीर नाही. खांब असा मायेने दाबत नाही. मी ते केस कागदाच्या पुडीत बांधले आणि रात्री जेवताना बाबांच्या ताटाशेजारी ठेवले.

“हे काय?”

“साक्षीदार. बंसीलालजींच्या दाराचा.”

आई ओरडली, “ताटाशेजारी केस? उचल आधी!”

बाबांनी पुडी उघडली, मिटली. “जयपुरात पांढरे केस कुठेही मिळतात. माझ्या डोक्यावरचेही देऊ शकतो. सांड पाच मिनिटं खाजवत होता म्हणे! आणि मालक हात जोडून उभा! वीस वर्षं मी गोष्टी ऐकतोय. जरा बरी रचायला सांग.”

मला इतका राग आला, की दुसऱ्या दिवशी उस्ताद नमाजाला गेले असताना मी बंसीलालजींचा दरवाजा स्वतःच करायला घेतला. पहिल्यांदाच, न विचारता. मागे डॉली धरली, म्हणजे लोखंडाचा मुठीएवढा ठोकळा, आणि पुढून खड्ड्याच्या मधोमध हातोडी घातली. पाच घाव. सहाव्याला पत्र्याने आवाज केला: डबक. मी बाहेरून दाबलं, आत गेला. आतून दाबलं, बाहेर आला. डबक, डबक. खेळण्यातल्या पत्र्याच्या बेडकासारखा.

उस्ताद परत आले. आवाज त्यांनी गल्लीच्या तोंडाशीच ऐकला होता. “फैला दिया,” ते एवढंच म्हणाले.

त्याचा अर्थ असा. पत्र्याने मार खाल्ला की तो पातळ होतो, आणि पोळी लाटल्यासारखा पसरतो. पसरलेला पत्रा मूळ जागेत मावत नाही, म्हणून मग डबक डबक करतो. उस्तादांनी गॅसच्या बारीक ज्योतीने चवलीएवढी एक जागा लालबुंद केली, हातोडीने हलकेच बसवली आणि लगेच ओलं फडकं दाबलं. चर्र! पत्रा आक्रसला. मग दुसरी जागा. मग तिसरी. दोन तास ते माझी चूक आक्रसवत होते आणि मी फडकं भिजवून देत होतो. शेवटी म्हणाले, “सांड ने तेरे से कम बिगाड़ा था.”

मग समजावून सांगितलं. असला खड्डा मधोमध अडकलेला नसतो, कडेला अडकलेला असतो. पत्रा आत जाताना काठाशी एक उंचवटा तयार होतो, तो कुलूप. मधे ठोकत बसायचं नाही. आतून तळहाताने दाब द्यायचा आणि बाहेरून तो काठ हळूहळू थापटत फिरायचं, कुलूप सैल होईपर्यंत. मग पत्रा आपणहून घरी येतो.

हे मी लिहून ठेवलं नाही. मनगटात ठेवलं.

दिवाळीला दहा दिवस उरले. या दिवसांत जयपूरचं प्रत्येक वर्कशॉप लग्नघर होतं. धनतेरसला गाडी चकचकीत हवीच, म्हणून सगळे वर्षभराचे खड्डे एकदम घेऊन येतात. त्या गर्दीत एका संध्याकाळी बाबांची गाडी आत शिरली. ही गाडी म्हणजे बाबांचा अभिमान. बदली होऊन जाणाऱ्या त्यांच्या साहेबांकडून दोन वर्षांपूर्वी घेतलेली, ‘एक खरोंच नहीं’ अशी. स्कूटर ऑफिसला, गाडी फक्त सणावाराला.

बाबा उतरले. मागून आई उतरली, ओठ घट्ट मिटून, हसू दाबत. डावीकडचा पुढचा दरवाजा परातीसारखा आत गेलेला.

“काय झालं, बाबा?”

बाबा छताकडे बघत राहिले. शेवटी आईलाच राहवलं नाही. “बांगड्या घ्यायला गेलो होतो चारदीवारीत. गाडी लावली, दोन पावलं गेलो, तर तो आला. आणि टेकला! आणि काय खाजवतोय, काय खाजवतोय! तुझे बाबा ‘हट्, हट्’ म्हणाले, तर त्याने वळून असं बघितलं, की हे माझ्याच मागे येऊन उभे राहिले.”

“पाच मिनिटं?” मी विचारलं.

“सात असतील,” बाबा पुटपुटले.

उस्ताद आले. प्रदक्षिणा घातली. रबरी पट्टी उचलली, चिमटीत काही तरी धरलं आणि उजेडात नेलं. पांढरा, आखूड, राठ. “साहब,” ते अतिशय आदबीने म्हणाले, “क्लेम तो मिल जाएगा ना?”

बाबांनी क्लेम केला नाही. कोणत्या तोंडाने करणार? पण पुढच्या आठवड्यात बंसीलालजी वर्कशॉपमध्ये घेवर मिठाईचा डबा घेऊन आले, आणि त्यांची बंद झालेली फाइल आपोआप कशी उघडली याचं आश्चर्य करत बसले. घरी कोणी हा विषय काढला नाही. बाबांच्या बाबतीत दिलगिरी अशीच यायची, फाइलमधून.

त्या संध्याकाळी मात्र त्यांनी मला एवढंच सांगितलं, “हा दरवाजा तू करायचा. एकट्याने. धनत्रयोदशीला सकाळी मी येतो.” आणि खिशावर हात ठेवला. टोपीवाला खिसा.

म्हणजे परीक्षेचा पेपर खुद्द सांडाने काढला होता.

काम सुरू करण्याआधी, रिवाजाप्रमाणे, मी डोळे मिटून रुमालावरून हात फिरवला. दारावरून, मग सवयीने पुढे मागच्या चाकावरच्या भागापर्यंत. आणि थांबलो. पुन्हा फिरवला. तिथे खड्डा नव्हता, उंचवटा नव्हता. काहीच नव्हतं, आणि तेच चुकीचं होतं. पत्र्याला कारखान्यातून आलेली एक कमान असते, ती तिथे मध्येच आळसावली होती. बोटाने टिचकी मारली. दारावर टण्ण, इथे ठप्प. भिंतीसारखी. बोटभर पुट्टी! साहेबांनी खरोंच नसलेली गाडी विकली होती, पण चांगलीच ठोकलेली.

मी उस्तादांकडे बघितलं. ते बशीत चहा ओतत होते. “मिला?”

“तुम्हाला... आपको पता था?”

“गाड़ी अंदर आई तभी. धूप में लहर दिखी.” चहाचा घोट. “साहब ने दरवाज़ा दिया है. दरवाज़ा कर.”

दार करायला मला चार दिवस लागले. आतलं पॅड उतरवलं, डावा तळहात आतून टेकवला आणि काठाकाठाने थापटत निघालो. कान पूर्ण वेळ त्या आवाजावर. हातोडी बरोबर पडली की खणखणीत वाजते, चुकली की बोबडी. उस्ताद पाठमोरे बसून दुसरंच काम करत होते, पण माझी हातोडी बोबडी वाजली की त्यांची थांबायची. तिसऱ्या दिवशी दुपारी काठाचं कुलूप सैल झालं आणि दरवाजा एक दीर्घ श्वास सोडल्यासारखा ‘धप्प’ करून बाहेर आला. मी एकटाच ओरडलो. एका जागी पत्रा किंचित पसरला होता, तिथे एकदाच ज्योत, एकदाच ओलं फडकं. वर पुट्टीचा हात, कागदाहून जाड नाही. रंग उस्तादांनी मारला.

धनत्रयोदशीची सकाळ. बाबा इस्त्रीच्या शर्टात, हातात फोल्डर, फोल्डरमध्ये फॉर्म. आईही आली होती, पेढे घेऊन. निकाल काहीही लागो, तिचे पेढे ठरलेले.

आधी उस्तादांची परीक्षा. भिंतीजवळच्या तारेवर त्यांनी एक पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी टांगून ठेवलेली असे. गाडी तिच्यासमोर उभी करायची आणि रंगात उमटणारं तिचं प्रतिबिंब बघायचं. पत्रा जरा जरी वाकडा असेल, तरी पट्टा तिथे वळतो. दारात पट्टे फूटपट्टीने आखल्यासारखे सरळ उमटले. उस्ताद बशीत चहा ओतायला वळले.

मग बाबांनी चुंबक काढला. लाल टोपी झटकली. दाराच्या मधोमध लावला, सोडला. चिकटला. चार बोटं खाली. चिकटला. कडेला, मुठीजवळ, काचेखाली. चिकटला, चिकटला, चिकटला. बाबांनी सोळा जागा बघितल्या. मी मोजत होतो.

“हं,” ते म्हणाले. पण क्लेमवाला माणूस एवढ्यावर थांबतो होय? “पकड जरा ढिली वाटते. थांब, मूळ पत्र्यावर कशी असते ती दाखवतो तुला. तुलना केल्याशिवाय कळत नाही.”

आणि दोन पावलं मागे जाऊन त्यांनी तो चुंबक मागच्या चाकावरच्या पत्र्यावर टेकवला.

उस्तादांनी बशी खाली ठेवली.

टप्प. लाल टोपी फरशीवर.

बाबांनी उचलला, फुंकर मारली, पुन्हा लावला. टप्प. वीतभर वर. टप्प. हात लांब करून डिकीच्या कडेला लावला, तिथे चिकटला. परत चाकावरच्या पत्र्यावर. टप्प. वर्कशॉपमधल्या सगळ्या हातोड्या एकेक करून थांबल्या.

बाबा माझ्याकडे वळले. “तुला माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“कशाने कळलं?”

मी डावा तळहात वर केला.

बाबांनी त्या तळहाताकडे बघितलं. चुंबकाकडे बघितलं. मग फोल्डर उघडून त्यांनी फॉर्म बाहेर काढला. “उस्ताद,” ते म्हणाले, “हा मागचा भाग खरवडून नीट करायचा, तर रंग मारताना मागचा दिवा झाकायला कागद लागेल ना?”

“लगेगा, साहब.”

“मग हा घ्या. आणि काम यालाच द्या.”

बी.कॉम.चा फॉर्म मागच्या दिव्यावर अगदी मापात बसला. मी आजही दिव्यावर कागद चिकटवताना त्याची आठवण काढतो. आताशा ती वेळ कमी येते. हल्ली खड्डा पडला की दरवाजाच बदलतात, बंपर तर प्लॅस्टिकचे, माझा तळहात पुष्कळदा रिकामाच असतो. पण त्या सकाळी त्याच्यावर आईने पेढा ठेवला होता.

दुसरा पेढा बाबांच्या हातावर ठेवता ठेवता तिने, अगदी सहज, विचारलं, “पण अहो, जगाच्या गाड्यांना चुंबक लावता तुम्ही. मग ही घेताना का नाही लावलात?”

सगळं वर्कशॉप ऐकत होतं. बाबांचा चेहरा टोपीइतका लाल झाला आणि ते, माझ्या ऐकण्यात आयुष्यात पहिल्यांदाच, ओरडले:

“अगं, साहेबांच्या गाडीला कुणी चुंबक लावतं का?”